एकटा माणूस, चारशे किलोचं अवजार

आपल्या अंकात दरवर्षी रोबोट येतो, नॅनो टेक्नॉलॉजी येते, आता एआय आलंय. या वेळी जरा मातीत उतरू या. विषय एका ओळीत सांगतो : ट्रॅक्टरची जड अवजारं शेडमध्ये एकट्या माणसाने ठेवायची कशी आणि हलवायची कशी?

"यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? चार माणसं बोलवायची आणि उचलायचं!" असं कुणीही म्हणेल. पण खरी गोची त्या 'चार माणसां'मध्येच आहे.

मी नामपूरचा. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, मोसम नदीकाठी आमचं गाव. कांदा आणि डाळिंब ही इथली नावाजलेली पिकं. बरीच कुटुंबं मळ्यात राहतात. पूर्वी मळ्यात सालदार असायचा, चुलते-पुतणे एकत्र असायचे, बांधावरून हाक मारली की दोघे-तिघे धावत यायचे. आता सालदार सहजासहजी मिळत नाही, भावकी वेगळी झाली, आणि मुलं? मुलं आपल्यासारखी, होस्टेलवर सबमिशन लिहीत बसलेली. मळ्यात उरतात पन्नाशी-साठीचे वडील आणि शेडमध्ये एक रोटाव्हेटर.

बैलांच्या काळात हा प्रश्न एवढा मोठा नव्हता. कोळपं, वखर, तिफण ही अवजारं गडी खांद्यावर टाकून किंवा गाडीत घालून नेत असे. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, लोखंडी नांगर शेतकऱ्यांपर्यंत पोचला, तरी तो बैलांना ओढता येईल एवढाच जड ठेवावा लागे. ट्रॅक्टरने ही मर्यादाच काढून टाकली. अवजाराचं वजन आता इंजिनाच्या ताकदीवर ठरतं. शेतात काम चालू असतं तोवर ठीक, कारण वजन ट्रॅक्टर पेलतो. पण पिन काढली, ट्रॅक्टर पुढे गेला, की ते सगळं वजन माणसाच्या वाट्याला येतं.

आधी वजनं बघू

नऊ फणांचा कल्टिव्हेटर साधारण २०० ते २५० किलो भरतो. दोन फाळी पलटी नांगर ३०० ते ४०० किलो. पाच फुटी रोटाव्हेटर ४०० किलोच्या आसपास. डाळिंबाला फवारणी करायचा ६०० लिटरचा ब्लोअर रिकामा असेल तर ठीक, पण टाकी भरलेली असेल तर नुसतं पाणीच ६०० किलो!

आता माणसाचं बघा. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९९१ मध्ये वजन उचलण्याचं एक सुधारित समीकरण दिलं. त्यात परिस्थिती अगदी आदर्श असली, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीला, धरायला चांगली मूठ, तरी शिफारस केलेली मर्यादा २३ किलोच आहे. आपल्याकडचे हमाल ५० किलोची कांद्याची गोणी लीलया उचलतात हे खरं, पण साठीला त्यांच्या कमरेचं काय होतं तेही आपण बघतो.

आपल्या घरच्या अवजाराचं नेमकं वजन हवं असेल तर सोपी युक्ती आहे. बाजार समितीत ज्या भुईकाट्यावर कांद्याचा ट्रॅक्टर मोजतात, तिथे अवजार उचललेल्या अवस्थेत ट्रॅक्टर मोजा, मग अवजार उतरवून पुन्हा मोजा. वजाबाकी केली की झालं. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे, म्हणून तो अंदाजाने घेऊ नका. या लेखात हिशेब सोपा जावा म्हणून मी सगळीकडे ४०० किलो धरले आहेत.

तर प्रश्न असा : २३ किलोचा माणूस ४०० किलोचं अवजार कसं हलवेल? उत्तर एका वाक्यात : उचलायचं नाही. उचलायचं काम ट्रॅक्टरचं, आणि आपलं काम फक्त सरकवायचं. आता हे सविस्तर बघू.

शेड म्हणजे स्टॅक

आमच्या भागातली बहुतेक शेडं लांबट असतात. समजा वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, आणि दार एकाच आखूड बाजूला. हंगाम संपला की जे अवजार सुटेल ते आत ढकललं जातं, त्याच्यापुढे दुसरं, त्याच्यापुढे तिसरं. कॉम्प्युटर ब्रँचचे मित्र लगेच ओळखतील, हा स्टॅक आहे : लास्ट इन, फर्स्ट आउट. कांदा लागवडीआधी रोटाव्हेटर हवा असतो आणि तो नेमका सगळ्यात मागे असतो. म्हणजे एक अवजार काढायला तीन हलवायची. कमरेतले निम्मे झटके शेतात बसत नाहीत, या फालतू हलवाहलवीत बसतात.

म्हणून पहिला उपाय लोखंडाचा नाही, मांडणीचा आहे. नवीन शेड बांधणार असाल तर लांब बाजू पूर्ण उघडी ठेवा. प्रत्येक अवजाराला स्वतःचा कप्पा द्या, आणि समोर ट्रॅक्टर वळून मागे यायला मोकळं अंगण ठेवा. मग कुठलंही अवजार कुठल्याही दिवशी थेट जोडता येतं. कॉम्प्युटरच्या भाषेत, स्टॅकचा अॅरे झाला! हलवायचं कामच उरलं नाही. सगळ्यात सोपी हालचाल म्हणजे जी करावीच लागत नाही ती.

जुनं शेड असेल तर वर्षाचं कॅलेंडर काढा. पलटी नांगर मुख्यतः उन्हाळी नांगरटीला लागतो, म्हणून तो आत. पेरणी यंत्र पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतं, तेही आत. रोटाव्हेटर, सरी यंत्र आणि ब्लोअर यांचा हात सारखा लागतो, ती दाराजवळ. हंगाम बदलताना, ट्रॅक्टर रिकामा असेल अशा एका दिवशी, हा क्रम ट्रॅक्टरनेच बदलून घ्या. वर्षातून दोन-तीनदा एवढं केलं की मधल्या काळात हाताने हलवायची वेळ क्वचितच येते.

ट्रॅक्टर हाच हमाल

हॅरी फर्ग्युसन हे नाव मेकॅनिकलच्या मुलांनी तरी ऐकलेलं असावं. या आयरिश माणसाने ट्रॅक्टरला अवजार तीन बिंदूंनी जोडायची पद्धत विकसित केली आणि १९२६ मध्ये त्याचं महत्त्वाचं पेटंट मिळवलं. १९३९ मध्ये फोर्डच्या ट्रॅक्टरवर ही पद्धत आली आणि पुढे जगभर पसरली. मॅसी फर्ग्युसन या नावातला फर्ग्युसन तो हाच. खाली दोन हात, वर एक टॉपलिंक, आणि हायड्रॉलिकने उचल. आजही आपल्याकडचे ट्रॅक्टर याच तत्त्वावर अवजार उचलतात.

यातली मापंही ठरलेली आहेत. कॅटेगरी एकमध्ये खालच्या पिना २२ मिलिमीटर आणि टॉपलिंकची पिन १९ मिलिमीटर, कॅटेगरी दोनमध्ये अनुक्रमे २८ आणि २५. ट्रॅक्टर आणि अवजाराची कॅटेगरी वेगळी असेल तर बुश घालूनच जोडा. सैल पिन जोडताना छान वाटते, पण शेतात भोकं लांबट करून ठेवते.

जोडायचा क्रम आपल्या पुस्तकात असतो : आधी डावा हात, मग उजवा, शेवटी टॉपलिंक. सोडताना बरोबर उलट. याचं कारण पाठ करायची गरज नाही, विचार केला की कळतं. उचल दांड्याची लांबी कमी-जास्त करायचा स्क्रू सहसा उजव्या बाजूला असतो. म्हणून न बदलणारी बाजू आधी जोडायची आणि उरलेला फरक उजवीकडच्या स्क्रूने काढायचा. टॉपलिंकला स्वतःचा स्क्रू असतो, म्हणून ती शेवटी.

एकट्या माणसाचा खरा छळ मात्र इथेच होतो. डावी पिन बसते आणि उजवी अर्ध्या इंचाने चुकते. ट्रॅक्टर अर्धा इंच मागे घेणं कसलेल्या ड्रायव्हरलाही अवघड. मग माणूस पहार लावतो, लाथ मारतो, ट्रॅक्टर चालू ठेवून खाली उतरतो, मागे जाऊन हात घालतो. बोटं पिनेत सापडतात ती अशीच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा : अवजार सोडतानाच पुढच्या जोडणीचा विचार करा. जमीन सपाट हवी, अवजार त्याच्या स्टँडवर किंवा ठोकळ्यांवर अशा उंचीला टेकवा की पिना नेहमीच्या उंचीवर राहतील. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या ओळी जमिनीवर ऑइल पेंटने आखून घ्या, आणि चाक जिथे थांबायला हवं तिथे एक आडवा ठोकळा पक्का बसवा. ट्रॅक्टर दरवेळी जवळपास त्याच जागी थांबतो. आमच्याकडे नाना (माझे वडील) याला 'प्लॅटफॉर्म नंबर एक' म्हणतात.

दुसरा उपाय असा की ट्रॅक्टर हलवण्याऐवजी अवजार हलवा. हसू नका! अवजार चाकांवर असेल तर हेच सोपं आहे. कसं ते आता बघू.

चाकं आणि झाडू

लोखंडी अवजार कोब्यावरून फरफटत न्यायचं तर घर्षण गुणांक साधारण ०.५ धरा. म्हणजे ४०० किलोला २०० किलोचा जोर लागेल. एकट्याचं काम नाही. तेच अवजार चांगल्या बेअरिंगच्या चाकांवर ठेवलं, तर सपाट कोब्यावर लोळण्याचा गुणांक ०.०३ च्या आसपास येतो. ४०० गुणिले ०.०३, म्हणजे १२ किलो! सुरुवातीचा धक्का दुप्पट धरला तरी २४. एका हातात चहाचा कप घेऊन रोटाव्हेटर सरकवता येईल. (तरी चहा आधी पिऊन घ्यावा.)

पण या गणिताला दोन शत्रू आहेत. पहिला उतार. पाणी वाहून जावं म्हणून शेडच्या कोब्याला उतार देतात. पन्नासला एक असा उतार असेल तर ८ किलो जास्त लागतात, ते चालेल. वीसला एक असेल तर २० किलो जास्त. दाराशी दहाला एक असा चढ असेल तर ४० किलो, म्हणजे एकट्याचं काम संपलं. आणि लक्षात ठेवा, चढाला जेवढा जोर जास्त लागतो तेवढाच उतारावर अवजार स्वतःहून मारतं. दहाला एकच्या उतारावर ते ४० किलोने पुढे पळू बघतं, आणि पुढे आपण उभे असतो. तेव्हा चाकांची गाडी फक्त सपाट भागात वापरायची. चढ-उतार ट्रॅक्टरचा.

दुसरा शत्रू दिसतही नाही : खडी. चारपैकी एका चाकावर १०० किलो भार आहे आणि पुढे फक्त ५ मिलिमीटरचा खडा आला असं समजा. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं 'रोलर आणि पायरी'चं गणित आठवा. चाकाची त्रिज्या ५० मिलिमीटर असेल तर त्या खड्यावरून चाक चढवायला जवळजवळ ४८ किलो जोर लागतो. त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर ३३. सबंध अवजार हलवायला १२ किलो आणि एका खड्याला ४८! यावरून दोन धडे. चाकं मोठी घ्या, निदान आठ इंची. आणि अवजार हलवण्याआधी शेड झाडा. झाडू हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणी यंत्र आहे.

गाडी बनवायची कशी? ७५ मिलिमीटर चॅनेलची चौकट, दोन चाकं सरळ, दोन फिरती. चाकं चौकटीच्या खाली लावू नका, बाहेरच्या बाजूला लावा, म्हणजे बैठक जमिनीपासून दोन-तीन इंचांवरच राहते आणि गुरुत्वमध्य वर जात नाही. चार चाकांची गाडी ओबडधोबड जमिनीवर पुष्कळदा तीनच चाकांवर उभी असते (टेबल डुगडुगतं तसं), म्हणून एका चाकाची क्षमता ४०० भागिले ४ नाही, ४०० भागिले ३ अशी काढा आणि त्याची दुप्पट घ्या. म्हणजे एकेक चाक २५० ते ३०० किलोचं. अवजार घसरू नये म्हणून बैठकीला कडेने पट्टी वेल्ड करा. आणि चारही कोपऱ्यांना जाड बोल्टचे पाय द्या. गाडी जागेवर नेली की बोल्ट फिरवून पाय जमिनीला टेकवायचे, म्हणजे महिनोन्‌महिने चाकांवर भार राहत नाही आणि धक्क्याने गाडी सरकतही नाही.

मातीचं शेड असेल तर चाकं रुततील. तिथे शेतघरांच्या सरकत्या गेटला असतो तसा मार्ग करा : उलटा अँगल जमिनीत पक्का बसवायचा आणि खाचेची गेटची चाकं त्यावरून चालवायची. अवजार एकाच रेषेत सरकेल, पण पुष्कळदा तेवढंच हवं असतं. ट्रॅक्टर नेहमी एकाच जागी मागे येईल, आणि हवं ते अवजार बाजूने सरकून त्याच्यापुढे येईल.

आता अर्ध्या इंचाच्या छळाकडे परत या. ट्रॅक्टर बंद, ब्रेक लावलेला, किल्ली खिशात. अवजार गाडीवर. उजवी पिन अर्धा इंच लांब असेल तर अवजारालाच हलका रेटा द्यायचा. पिन बसली की चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावायचे, बाकीची जोडणी करायची आणि मगच ट्रॅक्टर सुरू करायचा.

वजन अंगावरून चाकावर टाकायची ही कल्पना आमच्या शेजारच्या तालुक्यात गाजलेली आहे. मालेगाव तालुक्यातल्या देवारपाडे गावचे कमलेश घुमरे, ज्यांना 'जुगाडू कमलेश' म्हणून ओळखतात, त्यांनी फवारणीचा पंप पाठीवर वाहावा लागू नये म्हणून सायकलच्या चाकावर चालणारी गाडी बनवली आणि ती 'शार्क टँक इंडिया'च्या २०२१-२२ मधल्या पहिल्या पर्वात साऱ्या देशाने पाहिली. पंप २० किलोचा काय आणि रोटाव्हेटर ४०० किलोचा काय, विचार तोच.

पहार आणि ठोकळे

पण अवजार मुळात गाडीवर चढवायचं कसं? ट्रॅक्टर असेल तर हायड्रॉलिकने उचला, ठोकळे लावलेल्या गाडीवर बरोबर मधोमध उतरवा, काम झालं. ट्रॅक्टर नसेल (दुरुस्तीला गेला, शेजाऱ्याने नेला) तर आजोबांच्या काळची पहार बाहेर काढा.

पाच फुटी पहार म्हणजे १५० सेंटिमीटर. टोकापासून १० सेंटिमीटरवर टेकू दिला तर दुसरी बाजू १४० राहते. चौदापट फायदा. ४०० किलोच्या अवजाराचं एक टोक उचलायचं तर २०० किलो, भागिले १४, म्हणजे सव्वाचौदा किलोचा जोर. साठीच्या माणसालाही जमेल. पण निसर्ग फुकट काही देत नाही. हाताकडचं टोक ४० सेंटिमीटर खाली दाबलं तर अवजार तीन सेंटिमीटरही वर येत नाही. म्हणून नियम : एक बोटभर उचला, लगेच खाली लाकडी फळी सरकवा, पहार सोडा, टेकू वाढवा, पुन्हा उचला. मिळवलेली उंची दरवेळी ठोकळ्याने राखायची. फळ्या एकावर एक आडव्या-उभ्या रचायच्या, विटांचा किंवा दगडांचा ढीग लावायचा नाही, कारण वीट न सांगता फुटते. फळी सरकवताना हात कधीही अवजाराखाली नाही, दुसऱ्या काठीने ढकलायची.

पलटी नांगराबाबत एक जादा इशारा. रोटाव्हेटर बसका असतो, नांगर उंच आणि अरुंद. टेकण्याची निम्मी रुंदी २५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंच असेल, तर तो साधारण २० अंश कलला की पडलाच. आणि एका कुशीला पहार लावताना तो आपण स्वतःच कलवत असतो. नांगराला म्हणूनच रुंद पायांचं स्टँड बनवून घ्या आणि त्यावर बसवल्यावर साखळीने बांधून ठेवा. लहान मुलं शेडमध्ये खेळतात हे विसरू नका.

जिथे कमी कार्यक्षमता गुण ठरते

आता माझा सगळ्यात आवडता भाग. लॅबमध्ये आपण वेस्टनच्या डिफरन्शियल पुली ब्लॉकवर प्रॅक्टिकल केलं आहे. लॉ ऑफ मशीन, ग्राफ, आणि व्हायव्हाचा ठरलेला प्रश्न : "कार्यक्षमता एवढी कमी का?" आपण मान खाली घालून "सर, फ्रिक्शन" म्हणतो, जणू घर्षण हा आपलाच गुन्हा.

शेडमध्ये मात्र हेच घर्षण देवासारखं उभं राहतं. मोठ्या चाकाला १४ दाते आणि लहानाला १३ असतील तर व्हेलॉसिटी रेशो २८ येतो. कार्यक्षमता ४० टक्के धरली तर फायदा अकरापट, आणि ४०० किलोला साधारण ३६ किलोचा ओढा लागतो. कार्यक्षमता ५० टक्क्यांपेक्षा कमी असलेलं यंत्र उलटं फिरत नाही, सेल्फ लॉकिंग असतं. म्हणजे आपण दम खायला साखळी सोडली तरी अवजार हवेत तसंच थांबतं! चार माणसं असतील तेव्हा एक दोर धरतो, दुसरा ठोकळा लावतो. एकटा माणूस साखळी सोडूनच ठोकळा लावणार. त्याच्यासाठी न सुटणारं यंत्र हाच दुसरा माणूस.

हीच गोष्ट स्क्रू जॅकची. आट्यांचा कोन घर्षण कोनापेक्षा लहान, म्हणून तो आपोआप खाली उतरत नाही. हायड्रॉलिक जॅक हाताला हलका, पण सील झिजलं की रात्रीतून बसतो. म्हणून हायड्रॉलिकने, मग तो बाटली जॅक असो की ट्रॅक्टरचे हात, फक्त उचलायचं. धरून ठेवायचं काम ठोकळ्याचं किंवा स्टँडचं. आजकाल बाजारात मिळणारी चेन कप्पी बहुधा गिअरची असते, तिची कार्यक्षमता जास्त असते आणि तिला धरून ठेवायला वेगळा ब्रेक दिलेला असतो. घेताना तो ब्रेक वजन लावून तपासा. सेकंडहँड घेताना तर नक्कीच.

छताला टांगू नका

चेन कप्पी आली की सगळ्यांची नजर वर जाते, शेडच्या कैचीकडे. "दे अडकवून तिथेच!" हे मात्र करू नका. पत्र्याच्या शेडची कैची पत्र्याचं वजन आणि वारा यांच्या हिशेबाने केलेली असते. वीस फुटांच्या, म्हणजे ६ मीटरच्या आडव्या पाइपाच्या मध्यावर ४०० किलो टांगले तर ६०० किलो-मीटर बेंडिंग मोमेंट येतो. आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्समध्ये शिकलोय तसं, भार एकदम पडला तर ताण दुप्पट. साखळीला एक झटका बसला की ४०० चे ८०० झाले. पाइप वाकताना सावकाश वाकेल, पण वेल्डिंग तुटताना विचारत नाही.

त्याऐवजी वेगळी घोडी करा : दोन्ही बाजूंना रुंद पायांच्या तिरक्या चौकटी आणि वर आय सेक्शनची तुळई. विहिरीवर गाळ काढायची यारी सगळ्यांनी पाहिली आहे, हा तिचाच शांत स्वभावाचा भाऊ. तुळई कुठल्या मापाची हवी ते सिव्हिलच्या मित्राकडून काढून घ्या, आणि पाय पसरू नयेत म्हणून खाली आडवी पट्टी द्या. अवजार वीतभरच उचलायचं, त्याखाली गाडी सरकवायची आणि खाली घ्यायचं. लटकत्या अवजारासकट घोडी ढकलत नेणं हा एकट्याचा धंदा नाही.

एकट्याचे नियम

एकटं काम करणं आणि चौघांत काम करणं यात जोरापेक्षा मोठा फरक आहे. चौघांत कुणाचा पाय सापडला तर तिघे उचलतात. एकट्याचा सापडला तर मळ्यात हाक ऐकायला कुणी नसतं. म्हणून हे नियम आमच्या शेडच्या दारावर खडूने लिहिले आहेत :

१. मोबाइल खिशात, ट्रॅक्टरच्या सीटवर नाही. सुरू करण्याआधी घरी एक फोन.

२. ट्रॅक्टर आणि अवजार यांच्यामध्ये उभं राहायचं तर इंजिन बंद, ब्रेक लावलेला, किल्ली खिशात.

३. हायड्रॉलिकवर उचललेल्या अवजाराखाली डोकं, हात, पाय काहीही नाही. आधी ठोकळे.

४. पडणारं अवजार धरायचं नाही. बाजूला व्हायचं. लोखंड पुन्हा वेल्ड होतं.

५. काम संपलं की अवजार जमिनीवर टेकलेलं. रात्रभर हायड्रॉलिकवर लटकत ठेवायचं नाही.

६. ब्लोअरची टाकी रिकामी करूनच आत.

ठेवण्याआधी थोडी निगाही हवी. रोटाव्हेटर धुऊन चिखल काढा, कारण मातीत खताचे क्षार असतात आणि ते ओल धरून लोखंड खातात. पात्यांना आणि नांगराच्या फाळांना जळकं ऑइल लावा, बेअरिंगना ग्रीस द्या. पीटीओ शाफ्ट काढून भिंतीला दोन खुंट्यांवर आडवा ठेवा. तो जमिनीवर पडला तर गंजतो आणि अंधारात पायात येतो. अवजार आणि भिंत यांच्यात माणूस जाईल एवढी फट ठेवा. तिथे झाडूही फिरतो आणि साप-विंचू दिसतो.

सुट्टीतला प्रोजेक्ट

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधायला आपण वणवण फिरतो आणि शेवटी कुणाचा तरी जुना रिपोर्ट नवीन कव्हर घालून देतो. त्यापेक्षा या दिवाळीत घरी जाल तेव्हा सोबत एक टेप आणि एक वही न्या. शेडची लांबी-रुंदी, दाराची उंची, कोब्याचा उतार मोजा. प्रत्येक अवजाराचं वजन, टेकायची रुंदी आणि पिनांची उंची लिहून घ्या. मग शेडचा नकाशा काढा आणि वडिलांना फक्त एक प्रश्न विचारा : "मी नसताना यातलं कुठलं अवजार हलवायला सगळ्यात जास्त त्रास होतो?" जे उत्तर येईल, तिथून सुरुवात करा. गावातला वेल्डर गाडीची चौकट एका दिवसात करून देईल, तुम्ही फक्त त्याला चाकाची क्षमता आणि बैठकीची उंची नीट सांगा, कारण ते गणित त्याच्याकडे नाही, तुमच्याकडे आहे.

कुणाला गाडीचं किंवा घोडीचं ड्रॉइंग बनवायचं असेल तर वर्कशॉपमध्ये भेटा, मिळून करू. येताना अवजाराचं वजन मात्र मोजून आणा.